मागची टाप, पुढची टाच : बेगम बाजार आणि दख्खनच्या नालबंदांचे अलिखित शास्त्र

प्रास्ताविक

हैदराबादचा बेगम बाजार आज भांडी, मसाले, सुकामेवा आणि किराणा मालाच्या घाऊक व्यापारासाठी ओळखला जातो. दुसरे निजाम मीर निजाम अली खान (कारकीर्द १७६२ ते १८०३) यांच्या पत्नी हुमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली व त्यावरून बाजाराला हे नाव पडले, असे परंपरेने सांगितले जाते. मुसी नदीच्या उत्तर तीरावर वसलेल्या या बाजाराच्या एका अंगाला अफजलगंज आहे, तर दुसऱ्या अंगाला १५७८ मध्ये बांधलेल्या पुराना पुलाकडे जाणारा रस्ता. गोवळकोंड्याच्या वाटेवर कारवान ही वस्ती आहे. व्यापारी तांड्यांची स्मृती तिच्या नावातच राहिली आहे. बेगम बाजारातील फीलखाना ही गल्ली हत्तींच्या ठाणाची आठवण सांगते, आणि जवळच्या गोशामहल भागात 'घोडे की कबर' या नावाने ओळखली जाणारी वस्तीही आहे.

हैदराबादला रेल्वे १८७४ मध्ये आली. त्यापूर्वी या बाजारात येणारा प्रत्येक पोत्याचा माल बैल, तट्टू, उंट किंवा घोडा यांच्या पायांवर येत असे. रेल्वे आल्यानंतरही स्थानकापासून दुकानापर्यंतचे अंतर गाड्यांनीच तोडले जाई, आणि शहरातील माणसांची ने-आण जटका, टांगा व बग्गी यांतून होई. घोड्याचा नाल वाटेत निखळला तर गाडी थांबे, माल अडे व गाडीवानाची त्या दिवसाची मजुरी बुडे. फौजेत हीच गोष्ट घडली तर स्वार पायउतार होई.

नाल निखळण्याचे एक नेहमीचे कारण असे की, चालता चालता घोड्याच्या मागच्या पायाची टाप त्याच्याच पुढच्या पायाच्या टाचेवर पडते आणि पुढचा नाल उपटून निघतो. हा दोष टाळण्याचे ज्ञान कोणाकडे होते, ते ग्रंथांत कितपत उतरले आणि ज्यांच्या हातात ते होते त्या नालबंदांना विद्येच्या इतिहासात कोणते स्थान मिळाले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

दोषाचे स्वरूप

दुडकी चालीत घोडा एका बाजूचा पुढचा व दुसऱ्या बाजूचा मागचा पाय एकाच वेळी उचलतो. मागचा पाय पुढे येऊन जवळजवळ त्याच जागी पडतो जेथून त्याच बाजूचा पुढचा पाय नुकताच उठलेला असतो. म्हणजे एका पायाने जागा रिकामी करायची आणि दुसऱ्याने ती घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे. पुढचा पाय उठण्यास निमिषभर उशीर झाला किंवा मागचा पाय निमिषभर आधी आला, तर दोघांची गाठ पडते.

या गाठीचे तीन प्रकार होतात. पहिल्यात मागच्या नालाचे टोक पुढच्या नालाच्या खालच्या बाजूस लागते आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा 'टक् टक्' असा आवाज येतो. यात सहसा इजा होत नाही, परंतु ती पुढच्या संकटाची सूचना असते. दुसऱ्यात मागच्या नालाची कड पुढच्या टाचेच्या मऊ गादीवर बसते व तेथे जखम होते. तिसऱ्या प्रकारात मागची टाप पुढच्या नालाच्या टाचेकडील बाहेर राहिलेल्या टोकावर पडते आणि त्याच क्षणी पुढचा पाय उचलला जातो. घोडा स्वतःच स्वतःचा नाल ओढून काढतो. अनेकदा खिळ्यांबरोबर खुराच्या भिंतीचा तुकडाही निघतो, आणि मग नवा नाल ठोकण्यास जागाच उरत नाही. अर्धवट सुटलेल्या नालाच्या खिळ्यावर पाय पडला तर तळव्याला भोक पडण्याचाही धोका असतो.

हिंदुस्थानी बोलीत 'नेवर लगना' असा एक प्रयोग आहे. एक पाय शेजारच्या पायाला आतून घासून जी जखम होते, तिला तो लावला जातो. तो दोष वेगळा आहे. नेवर ही आडव्या दिशेची चूक आहे, तर येथे विचारात घेतलेली ठोकर ही मागून पुढे येणाऱ्या पायाची, म्हणजे वेळेची चूक आहे. हा फरक ज्याला कळला त्यालाच उपाय सापडतो.

शब्दांत साठलेला इतिहास

'नाल' हा शब्द मूळ अरबी. अरबीत 'नअल' म्हणजे पादत्राण. 'बंद' हा फारसी प्रत्यय जोडून 'नालबंद' झाला आणि मराठीत तो इतका रुळला की त्याचे परकेपण कोणाच्या लक्षात येत नाही. खिळ्याने ठोकलेला लोखंडी नाल भारतात तुर्कांच्या आगमनाबरोबर, म्हणजे साधारणतः बाराव्या-तेराव्या शतकापासून प्रचारात आला, असे मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे अभ्यासक मानतात. वस्तू, कारागीर आणि शब्द हे तिन्ही एकाच वाटेने आले.

मराठेशाहीच्या कारभारात हा शब्द फौजेच्या जमाखर्चात शिरला. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी जी आगाऊ रक्कम दिली जाई तिला 'नालबंदी' म्हणत. घोड्याच्या पायात नाल पडला म्हणजे स्वार निघण्यास सिद्ध झाला, असा त्यातील भाव आहे. याउलट चालून आलेल्या फौजेने मुलूख न लुटण्याच्या मोबदल्यात वसूल केलेल्या पैशाला फारसी कागदांत 'नालबहा', म्हणजे नालाची किंमत, असे नाव आहे. एकाच वस्तूवरून शिलेदाराची उचल व रयतेवरची खंडणी या दोहोंना नावे मिळाली. घोडदळाच्या अर्थकारणात नाल किती मध्यवर्ती होता, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

दख्खनच्या मोहरममध्ये 'नाल साहेब' या नावाने नालाच्या आकाराचे निशाण निघते. एकोणिसाव्या शतकात जाफर शरीफ यांच्या माहितीवरून तयार झालेल्या व १८३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात त्याचे वर्णन आहे. महाराष्ट्रात व उत्तर कर्नाटकात नालबंद हे आडनाव आजही आढळते. ज्या वस्तूला श्रद्धेत आदराचे स्थान मिळाले, ती घडविणाऱ्या हाताला मात्र समाजाच्या उतरंडीत वरचे स्थान कधी मिळाले नाही.

ग्रंथांची साक्ष

तेराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण भारतात आलेल्या मार्को पोलोने माबरच्या, म्हणजे पूर्व किनाऱ्यावरील तमिळ मुलखाच्या, वर्णनात एक बोलकी नोंद केली आहे. तेथील राजे दरवर्षी समुद्रमार्गे मोठ्या संख्येने घोडे विकत घेत, पण त्यांतील फार थोडे जगत, कारण त्यांची निगा राखणारे व नाल ठोकणारे जाणकार तेथे नव्हते. घोडे विकणारे व्यापारी असे जाणकार बरोबर आणत नसत आणि कोणाला जाऊही देत नसत. घोडे मेले तरच पुढच्या वर्षी नवे खपणार, हे त्यामागचे गणित होते. या नोंदीत अतिशयोक्ती असेल असे गृहीत धरले तरी एक गोष्ट उरते. नालबंदाचे ज्ञान हा त्या काळी व्यापारी गुपिताच्या मोलाचा ऐवज होता.

अश्वविद्येचे ग्रंथ भारतात प्राचीन काळापासून आहेत. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेली संस्कृत परंपरा इतकी प्रतिष्ठित होती की 'सालोत्री' हा शब्द पुढे घोड्यांच्या वैद्याला सर्रास लावला जाऊ लागला. बहमनी राजवटीत अहमदशहा वली यांच्या आज्ञेने अब्दुल्ला बिन सफी यांनी या परंपरेतील ग्रंथाचा फारसी अनुवाद केला. मोगल अमीर अब्दुल्ला खान फिरोज जंग यांच्या नावावरही असाच एक फारसी अनुवाद आहे. जोसेफ अर्ल्स यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १७८८ मध्ये कलकत्त्यास छापले गेले. उर्दू कवी सआदत यार खान 'रंगीन' यांनी फरसनामा लिहिला. रंगीन काही काळ निजामाच्या फौजेत तोफखान्याकडे होते व नंतर त्यांनी घोड्यांचा व्यापारही केला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. त्यांच्या फरसनाम्याचा डी. सी. फिलॉट यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९११ साली प्रसिद्ध झाला.

संस्कृतातून फारसीत, फारसीतून उर्दूत व पुढे इंग्रजीत झालेला हा विद्येचा प्रवास दख्खनच्या मिश्र संस्कृतीचे उत्तम उदाहरण आहे. तथापि या ग्रंथांचा भर कशावर आहे तेही पाहिले पाहिजे. घोड्याचे रंग, अंगावरील भोवरे, शुभाशुभ लक्षणे, दातांवरून वय ओळखणे आणि रोगांवरील औषधे ही त्यांची मुख्य प्रकरणे आहेत. घोडा विकत घेणाऱ्या अमिराला जे कळायला हवे, ते त्यांत सविस्तर येते. खूर किती तासावा आणि नाल टाचेपाशी किती सोडावा, हे घोडा उभा करून, पाय गुडघ्यात धरून शिकण्याचे काम होते. ते उस्तादाकडून शागिर्दाकडे गेले.

अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त शाही तबेल्याच्या नोकरवर्गात घोड्यांना चाल शिकविणारा चाबुकस्वार, घोड्यांचा वैद्य बैतार, मोतद्दार व नालबंद यांची नोंद वेगवेगळी आहे. नाल वर्षातून दोनदा बदलले जात, आणि चारही पायांच्या नालांना पूर्वी आठ दाम मिळत ते पुढे दहा झाले, असा हिशेबही तेथे आहे. खूर दरमहा सुमारे पाऊण ते एक सेंटिमीटर वाढतो. सहा महिने तो तासलाच नाही तर टोक साडेचार ते सहा सेंटिमीटरने लांबेल व घोडा ठेचकाळू लागेल. म्हणून मधल्या काळात तोच नाल काढून, खूर तासून पुन्हा बसविला जात असावा, असा तर्क करता येतो. आईनमधील आकडा लोखंडाच्या खर्चाचा आहे. नालबंदाच्या कसबाचा हिशेब त्यात दिसत नाही.

या संदर्भात मामलूक सुलतान अन-नासिर मुहम्मद यांच्या पदरी असलेले चौदाव्या शतकातील अश्ववैद्य अबू बक्र इब्न बद्र यांच्या अरबी ग्रंथाचे नाव लक्षात घेण्यासारखे आहे. 'कामिल अस-सिनाअतैन' म्हणजे दोन हुन्नरांचे संपूर्ण विवेचन. त्यांतला एक हुन्नर अश्ववैद्यकाचा आणि दुसरा घोड्याला वळण लावण्याचा. दोन्ही एकाच जाणकाराच्या ठायी असावेत ही त्यामागील दृष्टी आहे. प्रस्तुत दोषाच्या बाबतीत ही दृष्टी किती योग्य होती ते उपायांकडे पाहिल्यावर कळते.

उपाय : लोखंडाचे आणि चालीचे

दोष ओळखण्याचे काम कानाने सुरू होते. घोड्याला कठीण जमिनीवर दुडकी चालवून बाजूने पाहिले व ऐकले की आवाज कोणत्या पायांत आहे ते कळते. मग पाय उचलून पाहावा. पुढच्या नालाच्या खालच्या बाजूस एखादी जागा घासून चकचकीत झालेली असेल, तर मागचे टोक तेथे लागते आहे असे समजावे.

पहिला उपाय पुढचा पाय लवकर उठेल असा करण्याचा. खुराचे पुढचे टोक लांबले की पाय त्या टोकावरून कलंडून उठण्यास वेळ घेतो. टोक योग्य मापात तासणे आणि पुढच्या नालाचे तोंड किंचित वर वळवून गोलसर करणे, यामुळे पायाला सुटण्यास मदत होते. नालबंदीचा फेरा लांबवू नये हे त्याच कारणाने महत्त्वाचे. सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवड्यांनी खूर तासून नाल पुन्हा बसविणे योग्य मानले जाते. नवा नाल ठोकल्यावर बंद झालेला आवाज महिन्याभराने परत येऊ लागला, तर तो घोड्याचा स्वभावदोष नव्हे. फेरा चुकल्याची ती खूण आहे.

दुसरा उपाय मागच्या नालाचा. येथे एक बारकावा आहे. टाचेला जखम होते ती मागच्या नालाच्या बाहेरील कडेने नव्हे, तर बहुधा टोकाच्या आतील कडेने. म्हणून ती आतील कड घासून बोथट करावी, नालाचे टोक गोल न ठेवता चौकोनी करावे व नाल खुराच्या टोकापासून थोडा मागे बसवावा. खुराला धरून ठेवणारी जी कान-पट्टी एरवी टोकाच्या मधोमध असते, ती काढून दोन बाजूंना दोन ठेवाव्यात. मग मागचा पाय लागलाच तर लोखंड न लागता खूर लागतो आणि धक्का सौम्य होतो.

तिसरा उपाय पुढच्या नालाच्या टाचेकडील टोकांचा, आणि खरी परीक्षा येथेच होते. ही टोके टाचेबाहेर राहिली तर मागच्या टापेला पाय ठेवण्यास जणू पायरीच मिळते. म्हणून ती आखूड करून टाचेबरोबर आणावीत व तिरपी घासावीत, असा सर्वसाधारण नियम. पण नाल फार आखूड केला तर टाचेचा आधार जातो, टाच खचते व तळव्यावर दाब येऊन घोडा लंगडू लागतो. नाल निघू नये म्हणून पाय बिघडवणे हा उपाय नव्हे. या घोड्याला, या जमिनीवर, या कामासाठी नाल किती सोडावा हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावे लागते. तळव्याच्या मधल्या त्रिकोणी भागाला कारागीर 'पुतली' म्हणतात. तिची स्थिती, टाचेची उंची आणि घोड्याची उभे राहण्याची ढब पाहून अनुभवी हात जे ठरवितो, तेच कसब आहे.

इतके करूनही दोष राहतो, कारण चौथा उपाय नालबंदाच्या हातात नाही. दमलेला घोडा पुढच्या अंगावर भार टाकतो आणि पुढचे पाय जमिनीवर रेंगाळतात. कोवळ्या वयाच्या घोड्यात स्नायूंची ताकद कमी असल्याने हा दोष वारंवार दिसतो व वयाबरोबर पुष्कळदा आपोआप जातो. पाठ आखूड आणि पाय लांब अशी ठेवण असेल तर धोका अधिक. स्वार पुढे झुकून बसला, लगाम ढिला सोडून घोड्याला रेटीत राहिला, तर चांगला नालही टिकत नाही. याउलट चाल वारंवार बदलून, मागच्या पायांवर भार घ्यायला शिकवून, मान सावरून चालविल्यास पुढचे अंग हलके होते. हे चाबुकस्वाराचे काम. आधुनिक काळात पुढच्या खुरावर रबरी घंटेच्या आकाराचे कवच चढविले जाते. त्याने टाच वाचते आणि नाल उपटला जाण्याचा धोकाही कमी होतो, पण चुकलेली वेळ त्याने सुधारत नाही.

म्हणजे हा दोष नालबंद आणि स्वार या दोघांच्या सीमारेषेवरचा आहे. तबेल्याच्या नोंदवहीत ही दोन कामे वेगवेगळ्या रकान्यांत होती. नाल निखळला की दोष मात्र बहुधा एकाच रकान्याला लागणार, कारण निखळलेला नाल डोळ्यांना दिसतो, स्वाराची चुकीची बैठक जमिनीवर पडलेली सापडत नाही.

दख्खनची जमीन आणि फौजा

दख्खनमध्ये हा प्रश्न अधिक कठीण होता, त्याचे कारण जमिनीत आहे. हैदराबादच्या आसपास ग्रॅनाइटचे खडक व मुरमाड माती. तेथे लोखंड झपाट्याने झिजते. तेथून वायव्येस मराठवाड्यात शिरले की काळी जमीन लागते. पावसाळ्यात ती पाय धरून ठेवते. चिखलातून पुढचा पाय सुटण्यास उशीर होतो आणि मागचा त्यावर येऊन पडतो. खडकासाठी जाड व भरघोस बसविलेला नाल काळ्या चिखलात सर्वांत आधी निघणार, हे वरील विवेचनावरून उघड आहे.

हैदराबाद कंटिंजंटचे घोडदळ नेमके या दोन्ही जमिनींवर वावरत होते. बोलारम हे या फौजेचे मुख्य ठाणे, तर औरंगाबाद, हिंगोली व मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, येथेही तिच्या छावण्या होत्या. हे घोडदळ शिलेदारी पद्धतीचे होते. घोडा व सरंजाम यांची जबाबदारी स्वारावर असल्याने घोडा लंगडला की तोटा थेट त्याच्या घरात येई. १९०३ च्या फेररचनेत या पलटणींचे २० वे डेक्कन हॉर्स, २९ वे लान्सर्स व ३० वे लान्सर्स असे नामांतर झाले. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये १४ जुलै १९१६ रोजी हाय वूड येथे झालेल्या चढाईत डेक्कन हॉर्सचे स्वार होते. त्या काळी स्वाराच्या खोगिराला एक चामडी पिशवी असे व तिच्यात एक पुढचा, एक मागचा असे जादा नाल व खिळे ठेवलेले असत. नाल निघणे हे युद्धात गृहीतच धरलेले होते.

भीमेच्या खोऱ्यातील काटक भीमथडी घोडी ही मराठा घोडदळाची जुनी ओळख. अलीकडच्या काळात या घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. निजामाच्या राज्यात असलेल्या नांदेड जिल्ह्यातील माळेगावची खंडोबाची जत्राही घोड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी प्रसिद्ध राहिली आहे. बेगम बाजार, मोमिनाबाद व माळेगाव ही एकाच राज्यातील, एकाच पशुव्यवहाराने जोडलेली ठिकाणे होती. मराठी, तेलुगू व दखनी बोलणाऱ्या माणसांना तेथे नालबंदाची भाषा सारखीच कळत होती.

शाळा, रेल्वे आणि मोटार

पुण्यात १८६२ मध्ये लष्कराची पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये परळ येथे सुरू झाले व जे. एच. स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य होते. हैदराबादेत पशुवैद्यक महाविद्यालय १९४६ मध्ये स्थापन झाले. या संस्थांमुळे खुराची रचना, स्नायू व सांधे यांचे शास्त्रशुद्ध ज्ञान उपलब्ध झाले आणि जनावरांचे मोठे कल्याण झाले, हे निर्विवाद आहे. पण त्याबरोबरच ज्ञानाची एक नवी वाटणी झाली. खुराचे शास्त्र महाविद्यालयात गेले, नालबंदाचे कसब रस्त्यावर राहिले. एकाला पदवी मिळाली, दुसऱ्याला मजुरी.

२८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुराने अफजलगंज व बेगम बाजाराच्या परिसराची मोठी हानी केली. बाजार पुन्हा उभा राहिला, पण वाहतूक बदलू लागली होती. जून १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बसगाड्या सुरू केल्या. पुढच्या दशकांत जटका आणि टांगे मागे पडत गेले. गोशामहल येथे शहर पोलिसांच्या घोडदळाचा तबेला होता, तेवढ्यापुरती टापांची ओळख या भागात टिकली. त्याच गोशामहलच्या मैदानावर जानेवारी २०२५ मध्ये नव्या उस्मानिया रुग्णालयाची पायाभरणी झाली.

नालबंद मात्र पूर्णपणे संपला नाही. महाराष्ट्रात त्याच्या हातात आता घोड्याऐवजी बैलाचा पाय असतो. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने प्रत्येक पायाला दोन पातळ पत्र्या माराव्या लागतात. गळिताच्या हंगामात उसाच्या बैलगाड्या साखर कारखान्यांकडे वळल्या की पत्री मारणाऱ्यांना काम मिळते. शर्यतीचे व हौशी घोडे आज वेगळ्या प्रशिक्षित कारागिरांकडे जातात. घोड्याची चाल पाहून नाल ठरविण्याचा जुना सराव बैलाच्या पत्रीत उपयोगी पडत नाही, आणि जे ज्ञान वापरात नाही ते एका पिढीत हरवते.

समारोप

मागची टाप पुढच्या टाचेवर पडणे ही घटना क्षणार्धाची आहे. ती टाळण्यासाठी मात्र खुराची वाढ, लोखंडाची घडण, जमिनीचा पोत, जनावराचे वय आणि स्वाराची बैठक या पाच गोष्टींचा एकत्र विचार करावा लागतो. असा विचार करणाऱ्याला शास्त्रज्ञ म्हणतात. नालबंद तो विचार दररोज करीत होता. त्याने तो लिहिला नाही, इतकेच.

मुस्लिम समाजातील कारागीर जमातींच्या शैक्षणिक मागासलेपणाची चर्चा करताना त्यांच्याकडे ज्ञान नव्हते असे नकळत गृहीत धरले जाते. नालबंद, अत्तार, मोमीन, पिंजारी, कलईगर या आडनावांचा प्रत्येक विद्यार्थी वर्गात येताना एका विद्येचा वारसा घेऊन येतो. वर्गात त्या वारशाची विचारपूस झाली नाही, तर आडनाव त्याला ओझे वाटू लागते. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना येथे प्रत्यक्ष काम आहे. पत्री मारणाऱ्या वृद्ध कारागिरांच्या मुलाखती, सुमतराश, जंबूर, कानस अशा हत्यारांची चित्रांसह नोंद आणि दखनी-मराठी व्यवसायशब्दांचा संग्रह ही कामे पदवीच्या विद्यार्थ्यांकडून सहज होण्यासारखी आहेत. पशुवैद्यकाच्या अध्यापकांनी त्या नोंदी तपासल्या, तर अबू बक्र इब्न बद्र यांच्या ग्रंथनामातील दोन हुन्नर एका टेबलावर येतील.

बेगम बाजारात लोखंडी सामान आजही विकले जाते. ते पायात बसविताना काय पाहावे लागे, हे सांगू शकणारी माणसे वयोवृद्ध आहेत. त्यांचे ऐकून घेण्याचे काम आणखी वीस वर्षे थांबणारे नाही.